ईस्टरच्या बॉक्समधलं सहावं अंडं रिकामं का असतं (लहान पोरांच्या आईबाबांसाठी माहिती)

आमच्या बेकरीचा सहा मार्झिपान अंड्यांचा बॉक्स घेतल्याबद्दल मनापासून आभार. पाच अंड्यांत बटर पेपरमध्ये गुंडाळून काही ना काही ठेवलंय, आणि पांढरी रिबिन बांधलेल्या सहाव्या अंड्यात काहीच नाही. दरवर्षी कोणाचा तरी फोन येतोच की ओ आमचं एक अंडं रिकामं निघालं, म्हणून हा कागद सोबत देतोय. ते मुद्दामच रिकामं करतो, आणि ईस्टरच्या सकाळीच फोडायचं, त्याच्या आधी नाही. प्रभू येशूची कबर रिकामी होती, सगळा सण त्याच्यावर उभा आहे, आणि तीन-चार वर्षांच्या लेकराला हे भाषण देऊन कळत नाही, स्वतःच्या हातानं फोडून आत बघितलं की कळतं.

पहिलं अंडं झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) फोडा, आत झावळीचा तुकडा आहे, गाढवावर बसून येशू यरुशलेमात आला ती गोष्ट सांगा. चर्चमधून आणलेली झावळी घरात जपून ठेवा, पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी (ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी) बऱ्याच चर्चमध्ये त्याचीच राख करतात हे पोरांना लई आवडतं ऐकायला.

गुरुवारच्या अंड्यात छोटा रुमाल आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूनं कमरेला टॉवेल बांधून शिष्यांचे पाय धुतले, पेत्र आधी नकोच म्हणत होता (योहान १३). हे नुसतं वाचून दाखवू नका, खरंच टबात कोमट पाणी घ्या आणि पोरांना अज्जीचे पाय धुवू द्या, मग बाबांनी पोरांचे धुवावेत. घरात जी भाषा बोलता त्यातच सांगा ओ, मराठी असू दे, कोंकणी असू दे, कन्नड असू दे, शाळेत इंग्लिशमध्ये ऐकलेलं पाठ होतं पण आईच्या तोंडून ऐकलेलं आत जातं.

शुक्रवारच्या दोन अंड्यांबद्दल जरा जास्त सांगायचंय. एकात लाकडी क्रॉस आहे, दुसऱ्यात पांढऱ्या कापडाचा तुकडा, अरिमथाईकर योसेफानं येशूला तागाच्या कापडात गुंडाळून कबरेत ठेवलं त्याची आठवण. बरेच आईबाप म्हणतात पोर लहान आहे रडेल, शुक्रवार सोडून सरळ रविवारची मजा करूया. आमचं ठाम मत आहे की सोडू नका. मेलाच नाही तर उठला कशावरनं? फक्त खिळे आणि रक्त रंगवून सांगायची गरज नाही, एवढंच सांगा की येशूनं कोणाचं वाईट केलं नव्हतं तरी त्याला क्रॉसवर मारलं, आपण खोटं बोलतो, भांडतो, देवापासून लांब जातो ते सगळं त्यानं स्वतःवर घेतलं, आणि मारणाऱ्यांसाठीसुद्धा क्षमा मागितली. आणि 'येशू झोपला' असं चुकूनही म्हणू नका, विशेषतः घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर, पोरं रात्री झोपायला घाबरतात. मेला म्हणजे मेला असं साध्या शब्दात सांगावं. 'यहुद्यांनी मारलं' असंही सांगू नका, येशू स्वतः यहुदी, त्याची आई मरीया यहुदी, पेत्र-योहान सगळे यहुदीच होते.

शनिवारच्या अंड्यात खडा आहे, कबरेवरची धोंड. त्या दिवशी काहीच करायचं नाही, नुसती वाट बघायची. मोठं पोर असेल तर विचारेलच की येशू तिसऱ्या दिवशी उठला म्हणतात, पण शुक्रवार ते रविवार दोनच दिवस होतात, तिसरा कुठला? तेव्हा यहुदी लोक सुरुवातीचा दिवससुद्धा धरून मोजायचे, म्हणून शुक्रवार एक, शनिवार दोन, रविवार तीन.

रविवारी पहाटे पोरांना उठवा आणि येशूची शिष्या मग्दालीया मरीया हिची गोष्ट सांगा. ती कबरेपाशी रडत होती, समोरचा माणूस तिला माळीच वाटला, त्यानं नावानं हाक मारली तेव्हा तो येशूच आहे हे ओळखलं. इथं आपल्या पोराचंही नाव घ्या, आणि मग सहावं अंडं फोडा. 'मग येशूचं भूत आलेलं काय?' असं पोरं हमखास विचारतात, तर शिष्यांनाही तेच वाटलं होतं, म्हणून त्यानं त्यांच्यासमोर भाजलेला मासा खाल्ला (लूक २४). पुढं तळ्याकाठी नाष्टासुद्धा करून घातला आणि त्या दिवशी जाळ्यात १५३ मासे होते, हा आकडा पोरं कधी विसरत नाहीत. मार्केटात बांगडा मिळाला तर ईस्टरच्या नाष्ट्याला भाजून घाला की.

ससा बायबलमध्ये नाही, तो जर्मनीकडची पद्धत. चॉकलेटचा ससा द्या, काही बिघडत नाही, पण गोष्ट सशाची करू नका. अंड्याचं तसं नाही, जुन्या काळी उपवासकाळात अंडी खात नसत म्हणून ती ईस्टरला यायची, आणि लाल रंग ख्रिस्ताच्या रक्ताची आठवण. घरी अंडी रंगवायची असतील तर कांद्याच्या साली पाण्यात उकळा आणि थोडं व्हिनेगर घाला.

अजून एक करता येतं. खानापूरच्या कुंभारांकडचं छोटं बोळकं कबर म्हणून ताटातल्या लाल मातीत आडवं पुरा, तोंडावर दगड ठेवा, भोवती झावळ्यांच्या रविवारीच मेथी पेरा, ईस्टरपर्यंत हिरवीगार होते. दाणा जमिनीत पडून मेल्याशिवाय पीक येत नाही हे येशूनंच सांगितलंय (योहान १२:२४).

तारीख दरवर्षी का बदलते? २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणून. २०२६ ला हनुमान जयंतीच्या पौर्णिमेनंतर ५ एप्रिल, २०२७ ला होळीच्या पौर्णिमेनंतर २८ मार्च. आणि ईस्टर एका दिवसात संपत नाही, पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्याचा सण) येतो, तोवर रोज रात्री एक म्हणेल 'प्रभू उठला आहे', बाकीचे म्हणतील 'खरोखर उठला आहे'.

बॉक्स उन्हात ठेवू नका, फ्रीजमध्ये ठेवलात तर हवाबंद डब्यात ठेवा नाहीतर मार्झिपानला पाणी सुटतं. खडा आणि क्रॉस छोटे आहेत, तीन वर्षांखालच्या पोरांच्या हातात एकटं देऊ नका. यात काजू आहे आणि आयसिंगमध्ये अंड्याचा पांढरा भाग आहे, कोणाला ॲलर्जी असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, त्या लेकरासाठी त्याऐवजी काय देता येईल ते बघून ठेवतो.