अथेन्सचं सोडत काढणारं दगडी यंत्र

अथेन्सच्या आगोरा (म्हणजे जुन्या शहराचा मुख्य चौक) म्युझियममध्ये एक तुटका दगड आहे, त्यावर ओळीने बारीक आडव्या खाचा, अकरा उभ्या रांगांत. याचं नाव क्लेरोटेरियन. लोकशाहीच्या इतिहासातली माझ्यासाठी सगळ्यात भारी वस्तू हीच, कारण ग्रीक नगरराज्याचा कारभार खरंच कसा चालायचा ते यातून कळतं.

अथेन्सची लोकशाही म्हटलं की आपल्याला भाषणं आणि मतदान आठवतं, पण त्यांचा जास्त भरवसा सोडतीवर होता. इ.स.पू. 508 च्या सुमारास क्लायस्थेनिस या अथेन्सच्या नेत्याने नागरिकांचे 10 गट पाडले आणि प्रत्येक गटातून 50 असं 500 जणांचं मंडळ बनवलं, पुढे हे 500 जण चिठ्ठ्या टाकूनच निवडले जायचे, वर्षभरासाठी, आणि एका माणसाला आयुष्यात दोनदाच तिथे बसता यायचं. निवडणुकीत पैसेवाला, घराणेवाला, छान बोलणारा पुढे जातो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

खरी डोकॅलिटी दिसते कोर्टात. दरवर्षी तिशी ओलांडलेले 6000 नागरिक ज्युरी म्हणून नोंदवलेले असायचे आणि कोर्टाच्या दिवशी सकाळी त्यातले कोण बसणार ते ठरायचं. प्रत्येकाकडे स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव आणि एक अक्षर कोरलेली पट्टी असायची, आधी ब्राँझची, नंतर लाकडाची. अक्षरं दहा, एका यंत्रावर पाच उभ्या रांगा, म्हणून प्रत्येक गटाला दोन यंत्रं. अक्षरानुसार पट्ट्या आपापल्या रांगेत खोचायच्या, मग बाजूच्या नळीत काळे-पांढरे ठोकळे मिसळून ओतायचे आणि खालून एकेक सोडायचा. पांढरा आला की त्या आडव्या ओळीतले पाचही जण आत, काळा आला की पाचही घरी. 50 माणसं हवी असतील तर 10 पांढरे ठोकळे टाकायचे, हिशोब इतका सोपा. त्यानंतर कोण कुठल्या कोर्टात बसणार याची परत वेगळी सोडत! म्हणजे आदल्या रात्री लाच द्यायची तरी कोणाला, हेच कळू शकत नाही.

हे सगळं आपल्याला कळलं ते अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेवरच्या ग्रंथातून, तो इजिप्तमध्ये पपायरसवर सापडला आणि 1891 मध्ये छापला गेला. तरीही कित्येक वर्षं विद्वान क्लेरोटेरियन म्हणजे एखादी खोली समजत होते, शेवटी 1930 च्या दशकात स्टर्लिंग डाऊ या अमेरिकन संशोधकाने दाखवून दिलं की उत्खननात मिळालेले ते खाचांचे दगडच ते यंत्र. (हाती लागलेले दगड बरेचसे ग्रंथाच्या नंतरच्या काळातले आहेत, म्हणून सुरुवातीच्या दगडावरच्या अकरा रांगा ग्रंथातल्या पाचांशी जुळत नाहीत.)

कोर्टात वेळ मोजायला पाण्याचं घड्याळ होतं. आगोरात मिळालेलं मातीचं एक भांडं साधारण सहा मिनिटांत रिकामं होतं. मत द्यायला ब्राँझच्या चकत्या, मधली दांडी पोकळ किंवा भरीव (दोन बाजूंसाठी दोन प्रकार), दोन्ही टोकं बोटांत धरली की बाजूच्याला काही दिसत नाही. गुप्त मतदान!

पण या पट्टीवर बाईचं नाव कधीच नव्हतं, गुलामाचं नव्हतं आणि पिढ्यान्‌पिढ्या अथेन्समध्ये राहणाऱ्या परक्यांचंही नव्हतं. ही उणीव छोटी नाही, शहराचं बरंचसं काम याच लोकांच्या हातून होत होतं.

आणि सगळंच सोडतीवर नव्हतं. युद्ध चालवणारे 10 सेनापती मतांनी निवडले जायचे, तिथे अनुभव लागतो म्हणून. याच दोन पद्धती इ.स.पू. 406 मध्ये समोरासमोर आल्या. आर्जिनुसाईची नाविक लढाई जिंकूनही वादळात बुडणाऱ्या आपल्या माणसांना वाचवलं नाही म्हणून लोक सेनापतींवर खवळले, सगळ्यांचा निकाल एकाच मतदानात लावा म्हणाले, जे कायद्यात बसत नव्हतं. तेव्हा मंडळात सोडतीने आलेला सॉक्रेटिस होता, त्याचा शिष्य आणि इतिहासकार झेनोफनच्या एका वृत्तांतात तर तो त्या दिवसाचा अध्यक्षच होता. त्याने ठाम नकार दिला. तरी मतदान झालंच आणि हाती लागलेल्या सहा सेनापतींना मृत्युदंड दिला गेला. नंतर लोकांना पश्चात्ताप झाला आणि ज्यांनी त्यांना भडकवलं होतं त्यांच्यावरच त्यांनी खटले भरले.