टॉप हॅट

टॉप हॅट : अमेरिकन कृष्णधवल संगीतप्रधान विनोदी चित्रपट. आर. के. ओ. रेडिओ पिक्चर्स या हॉलिवूडमधील संस्थेने तो १९३५ मध्ये प्रदर्शित केला. निर्माते पँड्रो बर्मन, दिग्दर्शक मार्क सँड्रिच, पटकथाकार ड्वाइट टेलर व अ‍ॅलन स्कॉट, तर गीते आणि त्यांच्या चाली अर्व्हिंग बर्लिन यांच्या. नृत्ये फ्रेड अस्टेअर यांनी हर्मीस पॅन यांच्या साहाय्याने बसवली. अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स या जोडीच्या एकूण दहा चित्रपटांपैकी हा चौथा असून, खास या दोघांना डोळ्यांसमोर ठेवून पटकथा लिहिली गेली असा तो पहिलाच होता.

कथानक निव्वळ फार्सचे आहे. होरेस हार्डविक या निर्मात्याच्या नाटकात काम करण्यासाठी जेरी ट्रॅव्हर्स (अस्टेअर) हा अमेरिकन नर्तक लंडनला येतो आणि डेल ट्रेमाँट (रॉजर्स) या तरुणीच्या प्रेमात पडतो. हॉटेलात होरेसची काठी आणि बॅग काही क्षण जेरीच्या हाती असते. तेवढ्यावरून डेल त्यालाच होरेस, म्हणजे आपली मैत्रीण मॅज हिचा नवरा, समजते. हा गैरसमज व्हेनिसपर्यंत ताणला जातो. कोणी एकाने जेरीचे नाव वेळीच उच्चारले असते, तर चित्रपट अर्ध्या तासात आटोपला असता. ते नाव नेमक्या वेळी कोणाच्याही तोंडून निघत नाही, ही लेखकांची कारागिरी होय.

फार्सचा भार मुख्य जोडीपेक्षा चार सहकलाकारांनी अधिक पेलला आहे. एडवर्ड एव्हरेट हॉर्टन यांचा होरेस सदा गोंधळलेला असतो आणि समोरच्याचे बोलणे त्याला दोन क्षण उशिरा उमगते. एरिक ब्लोअर यांनी त्याचा नोकर बेट्स रंगवला असून, मालकाशी अबोला धरल्यावरही स्वतःचा उल्लेख बहुवचनात करत आदबीने बोलणारा हा नोकर चित्रपटातील सर्वांत हुकमी हशा मिळवतो. हेलन ब्रॉडरिक यांची मॅज कोरड्या स्वरात टोमणे मारते. डेल ज्याचे कपडे मिरवते, तो इटालियन वेशभूषाकार अल्बर्टो बेडिनी एरिक ऱ्होड्स यांनी उभा केला आहे; त्याचे मोडके इंग्रजी आणि ऊठसूट तलवारीची भाषा आज काहीशी भडक वाटते. पुढे विनोदी अभिनेत्री म्हणून अफाट लोकप्रिय झालेल्या ल्युसिल बॉल येथे फुलांच्या दुकानातील मुलीच्या छोट्या भूमिकेत दिसतात.

चित्रपटात गाणी पाचच आहेत, पण जेरी आणि डेल यांची खरी ओळख होते ती त्यांतूनच. संवादांत दोघे एकमेकांना सतत चुकीचे समजतात; नाचताना मात्र चूक होत नाही. ‘नो स्ट्रिंग्ज’ हे पहिले गाणे जेरीच्या बोलण्यातूनच अलगद सुरू होते. आपण कसे मोकळे आहोत हे होरेसला सांगता सांगता तो टॅप नृत्य (बुटांच्या आवाजाने ताल धरणारे नृत्य) करू लागतो आणि खालच्या खोलीत झोपलेली डेल त्या आवाजाने जागी होऊन भांडायला वर येते. ती परतल्यावर जेरी जमिनीवर वाळू पसरून त्या वाळूवर हलकेच पाय घासतो आणि त्या सळसळीने डेलला पुन्हा झोपवतो.

‘इझन्ट धिस अ लव्हली डे’ हे गाणे लंडनच्या बागेतील वादकांच्या मंडपात, वादळी पावसात घडते. घोडेस्वारीच्या वेशातील डेल आधी पाठ फिरवून ऐकते, मग त्याच्या मागे चालत त्याच्याच पावलांची नक्कल करते आणि थोड्याच वेळात ती चढाओढ बरोबरीची होते. प्रेमगीताचा शेवट हस्तांदोलनाने व्हावा, हे या जोडीच्या स्वभावाला शोभणारे आहे. शीर्षकगीत ‘टॉप हॅट, व्हाइट टाय अँड टेल्स’ रंगमंचावरचे आहे. त्यात अस्टेअर हातातील काठीची बंदूक करून मागच्या पुरुष नर्तकांना टॅपच्या खडखडाटात एकेक करून टिपतात. ही मूळ कल्पना त्यांनी १९३०च्या ‘स्माइल्स’ या रंगमंचीय प्रयोगात वापरली होती.

‘चीक टू चीक’ हे चित्रपटाचे मर्मस्थान. त्या काळची लोकप्रिय गाणी बहुधा ३२ बारांची (बार म्हणजे तालाचे एक आवर्तन) असत. हे ७२ बारांचे आहे आणि मध्ये अचानक गंभीर स्वरांत शिरून पुन्हा मूळ चालीवर येते. बर्लिन यांना संगीताची लिपी वाचता येत नसे, हे लक्षात घेता ही रचना थक्क करते. प्रसंगातील विनोदही बहारीचा आहे: मॅज दुरून खुणा करून दोघांना आणखी जवळ यायला सुचवते आणि मैत्रीण स्वतःच्या नवऱ्याला असे उत्तेजन का देते, हे डेलला कळेनासे होते. या नृत्यासाठी रॉजर्स यांनी शहामृगाच्या पिसांचा निळा पोशाख आग्रहाने घातला. तालमीत पिसे सर्वत्र उडू लागल्याने अस्टेअर भडकले; पुढे समेट झाल्यावर त्यांनी रॉजर्स यांना सोन्याचे पीस भेट दिले. पडद्यावर तो निळा रंग अर्थातच पांढरा भासतो. व्हेनिसच्या प्रचंड नेपथ्यालाही हीच दृष्टी लावलेली होती; वास्तू शुभ्र ठेवून कालव्यांतील पाण्याला काळा रंग दिला होता. शेवटचे ‘द पिकोलिनो’ रॉजर्स गातात. समूहनृत्यामुळे ते भव्य दिसते, पण पहिल्या चार गाण्यांइतके कथेत मुरलेले नाही.

नृत्यांच्या चित्रीकरणात नर्तक डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत ठेवावा आणि दृश्य शक्य तितके कमी तोडावे, असा अस्टेअर यांचा दंडक होता; त्यामुळे पावलांतील सलगता प्रेक्षकाला अखंड पाहता येते. बर्लिन यांनी याच चित्रपटासाठी लिहिलेले ‘गेट दी बिहाइंड मी, सेटन’ हे गाणे येथे वगळले गेले आणि १९३६च्या ‘फॉलो द फ्लीट’मध्ये वापरले गेले.

सुमारे सहा लाख डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने तीस लाखांहून अधिक डॉलर मिळवले. सर्वोत्कृष्ट चित्रपट, कलादिग्दर्शन, नृत्यदिग्दर्शन आणि गीत (‘चीक टू चीक’) अशी चार ऑस्कर नामांकने त्याला मिळाली; पुरस्कार मात्र एकही नाही. गीताचा मान ‘ललबाय ऑफ ब्रॉडवे’कडे गेला. १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला, आणि २०१२ मध्ये त्याचे नाट्यरूप लंडनच्या वेस्ट एंड या नाट्यगृहांच्या भागात सादर झाले.