रायफलच्या लाकडी दस्त्याचे मजबुतीकरण

जबर धक्का देणाऱ्या रायफलचा लाकडी दस्ता फुटू नये म्हणून लाकूड आणि धातू जिथे भेटतात तिथे करायचे काम. नावावरून लाकूड बळकट करण्याचा प्रकार वाटतो. खरे तर धातूने लाकडाला कुठे रेटायचे आणि कुठे अजिबात टेकायचे नाही, हे ठरवणे म्हणजेच हे काम.

गोळी सुटताच नळी आणि ॲक्शन, म्हणजे काडतूस भरून डागणारी धातूची यंत्रणा, मागे येतात. दस्ता तेव्हा अजून जागेवरच असतो. माउझर धाटणीच्या रायफलींत ॲक्शनच्या खालचा एक छोटा उंचवटा, म्हणजे रिकॉइल लग, दस्त्याला खांद्याकडे ढकलतो. .३०-०६ काडतुसाच्या धक्क्याची ऊर्जा साधारण २७ ज्यूल असते. १९५६ साली आलेल्या .४५८ विंचेस्टर मॅग्नममध्ये ती ८० ज्यूलच्या पुढे जाते, आणि हा भार अंगठ्याच्या पेराएवढ्या लाकडावर येतो. अक्रोडाचे लाकूड तंतूंच्या दिशेने दाबले तर चिवट असते, तंतू फाकवू लागले की लगेच हार मानते. लगमागचे लाकूड चेपले की ॲक्शन दर बाराला थोडी मागे सरकते आणि तिचे निमुळते शेपूट, म्हणजे टँग, मुठीच्या बारीक भागात पाचरीसारखे घुसते. म्हणून तडा दिसतो टँगमागे, पण मूळ दुखणे बहुधा पुढे लगपाशी असते. तडा नुसता चिकटवून दिलेली रायफल पुन्हा फुटते ती याच कारणाने.

लग बसवण्याचे जुने तंत्र काजळीचे. लगला काजळीचा पातळ हात द्यायचा, ॲक्शन खाचेत बसवून हलकेच ठोकायची आणि उचलून पाहायचे. जिथे काळा डाग उठला तिथे धातू टेकतो. तेवढाच कण पटाशीने खरवडायचा. मागची बाजू सगळीकडे सारखी काळी होईपर्यंत हेच चालते. आता या जागी इपॉक्सी भरतात. धातूला आधी मेण किंवा तत्सम लेप लावावाच लागतो. तो विसरला तर ॲक्शन दस्त्यात कायमची चिकटते. लगच्या पुढे, दोन्ही बाजूंना आणि तळाला चिकटपट्टी लावून फट राखतात, टेकते ती फक्त मागची बाजू. टँगमागेही बारीक फट सोडतात. पाहणाऱ्याला ती हलगर्जी वाटते, पण दस्ता वाचतो तो तिच्यामुळेच.

मोठ्या काडतुसांना एवढ्याने भागत नाही. लगमागे एक आडवा पोलादी बोल्ट घालतात आणि मॅगझीन व घोडा यांच्या खाचांमधल्या पातळ लाकडातून बहुधा दुसरा. बोल्ट लाकडात घट्ट बसलेला नसेल तर तो निव्वळ दागिना. काही रायफलींत नळीखाली दुसरा लगही असतो. ॲक्शनच्या स्क्रूंभोवती धातूच्या नळ्या बसवल्या की स्क्रू आवळताना लाकूड चिरडत नाही. मुठीतून तंतू तिरपे बाहेर पडत असतील, तर मात्र यातले काहीही फारसे कामाला येत नाही. तो ठोकळा आधीच बाजूला ठेवायला हवा होता.

ली-एनफील्ड या ब्रिटिश लष्करी रायफलची रचना वेगळी. तिच्यात धक्का पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकावर येतो. ऑस्ट्रेलियातील लिथगो कारखान्यात अक्रोडाऐवजी स्थानिक, मऊ लाकूड वापरले जाई, म्हणून तिथे त्या जागी तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. पश्चिम बंगालमधील ईशापूर कारखान्याच्या रायफलींत लाकूड फाकू नये म्हणून आडवा स्क्रू दिसतो. हातबॉम्ब फेकण्यासाठी वेगळ्या काढलेल्या रायफलींचा पुढचा भाग तर तारेने गच्च गुंडाळत. बॉम्बचे वजन मोठे असल्याने धक्का नेहमीच्या काडतुसापेक्षा कितीतरी जास्त बसे.

जुन्या दस्त्यांत आणखी एक खोड असते. वर्षानुवर्षे पाजलेले बंदुकीचे तेल टँगपाशी झिरपून लाकूड काळे आणि भुसभुशीत करते. अशा लाकडावर इपॉक्सी धरत नाही. आधी खडूच्या भुकटीचा लेप देऊन, ऊब देत, ते तेल ओढून काढावे लागते. एका लेपाने ते क्वचितच निघते.