लाडोगाकाठची विमानवेधी तोफ

रशियात सेंट पीटर्सबर्गच्या (तेव्हाचे लेनिनग्राड) पूर्वेस, लाडोगा सरोवराच्या पश्चिम काठावरील ‘तुटलेले कडे’ (कडे म्हणजे वलय) या स्मारकाशेजारी उभी असलेली दुसऱ्या महायुद्धातील 85 मिमी तोफ. स्मारक शिल्पकार कन्स्तान्तिन सिमुन यांचे असून ते 1966 मध्ये उभारले गेले. काँक्रीटच्या दोन अर्धकमानी एकमेकींकडे झुकतात, पण जुळत नाहीत. कमानी म्हणजे लेनिनग्राडचा वेढा, मधली फट म्हणजे गोठलेल्या सरोवरावरचा ‘जीवनमार्ग’. कमानीखालून पाण्याच्या दिशेने गेलेले ट्रकच्या चाकांचे ठसेही काँक्रीटचेच. इथे प्रतीक नसलेली वस्तू एकच, ही तोफ.

8 सप्टेंबर 1941 रोजी जमिनीवरून शहरात येणारी वाट पूर्ण बंद झाली. नोव्हेंबरअखेरीस कामगार सोडून इतर नागरिकांना, मुलांनाही, दिवसाला 125 ग्रॅम पाव मिळत होता. 22 नोव्हेंबरला धान्य आणण्यासाठी ट्रकचा पहिला ताफा बर्फावर उतरला. पुढच्या एप्रिलपर्यंत या वाटेने साडेतीन लाख टनांहून अधिक माल आला आणि पाच लाखांहून अधिक माणसे बाहेर पडली.

जर्मन विमानांना या वाटेवर नेम साधण्याचीही गरज नव्हती. बॉम्ब ट्रकच्या बाजूला पडला तरी बर्फ फुटे. त्या भोकावर रात्रीतून पातळ साय धरे, वर हिम साचे, आणि मागून येणाऱ्या चालकाला काहीच दिसत नसे. ट्रक बुडू लागला तर उडी मारता यावी म्हणून कित्येक चालक कडाक्याच्या थंडीतही दार उघडे ठेवून गाडी हाकत. म्हणून काठांवर विमानवेधी तोफा आणि थेट बर्फावर हलक्या तोफा व मशीनगन मांडल्या गेल्या. गोलंदाजांनी हिवाळा तिथेच काढला. जीवनमार्गाची गोष्ट सांगताना ट्रकचालक आठवतात, गोलंदाज मात्र सहसा मागे राहतात. या तोफेचे मोल त्यामुळेच अधिक.

ही तोफ 1939 च्या नमुन्याची. सुमारे 9 किलोचा गोळा ती 10 किलोमीटर उंचीपर्यंत फेकू शके. गोळा विमानाला लागावा अशी अपेक्षाच नसे. तो विमानाजवळ फुटून त्याचे तुकडे लागावेत, हा हेतू. त्यासाठी प्रत्येक गोळा नळीत सरकवण्याआधी त्याच्या टोकावरचा फ्यूज (गोळा कधी फुटायचा ते ठरवणारी कळ) ठरावीक सेकंदांवर फिरवावा लागे, आणि लाडोगावर हे काम गोठलेल्या बोटांनी करायचे होते.