पाळी थांबली: पीसीओडी की पोटाला पडलेली उपासमार?

दोन-तीन महिने पाळी नाही आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘पीसीओ पॅटर्न’, म्हणजे अंडाशयांत बऱ्याच बारीक गाठी, एवढ्यावर घरात निकाल लागतो. पोरीला पीसीओडी झालाय, वजन उतरवायला हवं. पण तीच पोरगी कित्येक महिने रात्री नुसती काकडी खात असेल, डबा तसाच परत आणत असेल, तर हा सल्ला तिला आणखी आजारी पाडतो.

खाणं तुटल्यामुळे पाळी जाते, तो प्रकारच निराळा. डॉक्टर त्याला फंक्शनल हायपोथॅलॅमिक अमेनोरिया म्हणतात. चरबीतून येणारं लेप्टिन हे हार्मोन घटतं, मेंदूतला हायपोथॅलॅमस अंडाशयांना कामाला लावणारे संदेश पाठवायचं कमी करतो. एलएच (स्त्रीबीज सोडायला लावणारं हार्मोन) आणि इस्ट्रोजेन (मुख्य स्त्री-हार्मोन) खाली येतात, गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं. पीसीओएसमध्ये, म्हणजे ज्याला घरी पीसीओडी म्हणतात त्यात, इस्ट्रोजेन तयार होत असतं, पण स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही. पुरुषी हार्मोन्स वाढलेली, एलएच बऱ्याचदा चढलेलं, आणि अस्तर जाड होत जातं.

मग गल्लत का होते? पीसीओएसच्या निदानाचे 2003 चे रॉटरडॅम निकष सांगतात की तीनपैकी दोन लक्षणं हवीत. अनियमित पाळी आणि सोनोग्राफीत दिसणाऱ्या बारीक गाठी, झाली दोन! पण दुसरी कारणं आधी वगळायची असतात, तेच राहून जातं. कमी खाणाऱ्या अनेक मुलींच्या अंडाशयांतही तशाच गाठी दिसतात. केसांचंही तसंच. पीसीओएसमध्ये हनुवटीवर, ओठांवर राठ केस येतात. ॲनोरेक्सियात, म्हणजे वजन वाढायच्या भीतीनं खाणं तोडण्याच्या आजारात, चेहऱ्यावर, हातांवर मऊ, बारीक लव उगवते. सोबत भर उन्हाळ्यात थंडी वाजणं, नाडी मंद होणं.

वजनावरून तर अजिबात ठरवू नये. बुलिमिया (भरमसाट खाऊन मग उलट्या वगैरे करून ते बाहेर काढण्याचा विकार) असलेली मुलगी चारचौघींसारखीच दिसते. जाड मुलीनं झपाट्यानं वजन उतरवलं तरी पाळी जाऊ शकते. उलट पाळी येतेय म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकात, ॲनोरेक्सियाच्या निदानातून पाळी बंद असण्याची अट काढूनच टाकली. शिवाय पीसीओएस असलेल्या बायकांमध्ये खाण्याचे विकार जास्त आढळतात, त्यामुळे एकीलाच दोन्हीही असू शकतात.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ‘पाळी आणायच्या’ गोळ्यांची. गर्भनिरोधक गोळ्यांवर दर महिन्याला रक्तस्राव होतो आणि सगळे निश्चिंत होतात. तो गोळी थांबल्याचा स्राव असतो. शरीर सावरलंय की नाही हे त्यामागे झाकलं जातं, आणि इकडे इस्ट्रोजेनअभावी हाडं ठिसूळ होत राहतात, तीही हाडं भरायच्या वयात.

म्हणून डॉक्टरांना पाळीच्या तारखांसोबत खाण्याचं, व्यायामाचं, मुद्दाम उलट्या काढत असेल तर त्याचंही सांगावं. चक्कर, छातीत धडधड असेल तर त्याच दिवशी दाखवावं. खाणं वाढलं, व्यायाम कमी झाला, मानसोपचार मिळाले की पाळी परतू शकते, पण महिने लागतात. आणि स्त्रीबीज पाळीच्या आधीच सुटतं, तेव्हा पाळी नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत, हे धरून चालू नये.