चुंबकीय ड्रेन प्लग

इंजिनाच्या किंवा गिअरबॉक्सच्या तेलात मिसळलेले लोखंडाचे बारीक कण धरून ठेवण्यासाठी तेल काढायच्या बुचाच्या आतल्या टोकाला चुंबक बसवतात. असे बूच म्हणजे चुंबकीय ड्रेन प्लग. गॅरेजवाले ज्याला चेंबर म्हणतात त्या ऑइल पॅनच्या तळाशी ते आट्यांनी घट्ट बसते आणि तेल बदलताना आपोआप हाती येते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पॅनमध्ये सुटा चुंबकही ठेवलेला असतो. फिल्टरच्या डब्याला बाहेरून चिकटवायचे चुंबकही विकले जातात. मात्र तो डबा पोलादी असल्याने चुंबकीय क्षेत्राचा बराच भाग पत्र्यातूनच फिरतो आणि आतल्या तेलापर्यंत कमी पोहोचतो.

चालत्या इंजिनात पिस्टन रिंगा, सिलिंडरची भिंत, कॅम आणि साखळी यांची झीज कायम चालू असते. कागदी फिल्टर मोठे कण अडवतो, पण २० मायक्रॉनहून (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कणांपैकी बरेच त्यातून निसटतात. बेअरिंगमधला तेलाचा थर काही मायक्रॉनांचाच असल्याने साधारण त्याच जाडीचे कण जास्त घातक ठरतात. चुंबकाची जाहिरात नेमकी या कणांवर बोट ठेवते, पण भौतिकी तितकी उदार नाही. कणाचा व्यास निम्मा झाला तर त्यावरची चुंबकीय ओढ आठव्या हिश्श्यावर येते, तेलाचा प्रवाह त्याला वाहून नेतो ते बल मात्र निम्मेच होते. शिवाय चुंबकापासून थोडे दूर जाताच ओढ झपाट्याने घटते. त्यामुळे पॅनच्या तळाशी, जिथे तेल संथ असते तिथे, चुंबक चांगले काम करतो. वेगाने वाहणाऱ्या तेलातून अगदी सूक्ष्म कण तो वेचून काढील ही अपेक्षा फोल आहे.

मर्यादा आणखीही आहेत. चुंबकाला फक्त लोखंड, पोलाद आणि बिडाचे कण चिकटतात. ॲल्युमिनियमचा पिस्टन, बेअरिंगमधले तांबे, कथील व शिसे, हवेतून आलेली धूळ यांचे त्याला काहीच नाही. म्हणजे बेअरिंग झिजून चालली असली तरी प्लग स्वच्छ निघू शकतो. १९८०च्या दशकात आलेले निओडिमियम चुंबक ताकदवान, पण त्यांचा साधा प्रकार ८० अंश सेल्सिअसच्या पुढे कमजोर होऊ लागतो, आणि गरम इंजिनातले तेल १०० अंशांच्या आसपास असते. म्हणून उष्णता सोसणारा निओडिमियमचा प्रकार, किंवा सॅमेरियम-कोबाल्ट, अल्निको अशा दुसऱ्या मिश्रधातूंचा चुंबक वापरावा लागतो. स्वस्त प्लगच्या वेष्टनावर हे सहसा लिहिलेले नसते.

एवढे वजा केल्यावर तेल शुद्ध करण्यात चुंबकाचा वाटा बेताचाच उरतो. त्याचा खरा उपयोग खबर देण्यात आहे. प्लगवर राखाडी-काळा मऊ लेप जमणे ही नेहमीची गोष्ट. तो बोटांत चोळला तर खरखर लागत नाही. नव्या इंजिनाच्या पहिल्या तेलबदलात हा लेप जास्तच असतो. चमकती पापुद्र्यासारखी चकती, सुईसारखी काडी किंवा गिअरच्या दात्याचा तुकडा निघाला तर मात्र आत काहीतरी तुटते आहे असे धरावे. दर वेळी प्लग पुसून काढला नाही तर हा लेप कालचा की वर्षापूर्वीचा हे कळत नाही आणि खबर वाया जाते.

विमाने आणि हेलिकॉप्टरांत हीच कल्पना ‘चिप डिटेक्टर’ म्हणून पुढे नेली आहे. त्यात चुंबकाच्या दोन टोकांत बारीक फट ठेवलेली असते. पोलादाचा कण त्या फटीवर आडवा बसला की विद्युतमंडल पूर्ण होऊन वैमानिकासमोर दिवा लागतो. साध्या झिजेच्या भुशाने खोटी सूचना मिळू नये म्हणून काही डिटेक्टरांत विजेचा झटका देऊन तो भुसा जाळण्याची सोय असते. कणांचा आकार पाहून झिजेचा प्रकार ओळखण्याचे ‘फेरोग्राफी’ हे तंत्र १९७०च्या दशकात अमेरिकेत विकसित झाले. त्यात जोरदार चुंबकावर तिरक्या ठेवलेल्या काचपट्टीवरून तेल ओघळू देतात. मोठे कण आधी आणि बारीक कण नंतर बसत जातात, मग ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली वाचतात.

चुंबकाने दिलेली खबर कशी वाया जाते याचे बोलके उदाहरण उत्तर समुद्रातले आहे. १ एप्रिल २००९ रोजी मिलर तेलक्षेत्रातून ॲबरडीनला परतणारे सुपर प्यूमा हेलिकॉप्टर स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. त्यातील सर्व १६ जण मरण पावले. मुख्य गिअरबॉक्सच्या दुसऱ्या टप्प्यातले एक ग्रहीय चाक, म्हणजे मधल्या चाकाभोवती फिरणारे दातेरी चाक, फुटले होते. २५ मार्चला, म्हणजे ३६ उड्डाणतास आधी, डिटेक्टरवर एक धातुकण सापडला होता. तो चाकाच्या बिघाडाची खूण आहे हे ओळखले गेले नाही आणि गिअरबॉक्सचा तो भाग उघडून पाहिला गेला नाही. ब्रिटिश तपास अहवालाने आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले: गिअरबॉक्सच्या आत कण अडवण्यासाठी चुंबकांचे एक कडे बसवलेले होते, आणि त्यामुळेच कण डिटेक्टरपर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी झाली होती. अपघातानंतर ती कडी काढून टाकण्याचा आदेश निघाला. इंजिनाला नुसते वाचवू पाहणारा चुंबक आणि माणसाला कळवणारा चुंबक एकमेकांच्या आड येऊ शकतात, हे डिझाइन करणाऱ्यांना इतक्या महागात कळले.

कडी काढूनही प्रश्न पुरता सुटला नाही. २९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेत तुरॉय येथे त्याच कुळातले ईसी २२५ हेलिकॉप्टर कोसळून १३ जण दगावले. या खेपेलाही दुसऱ्या टप्प्यातले ग्रहीय चाकच फुटले, पण डिटेक्टरने कोणतीच सूचना दिली नव्हती. चाकातली तडे जाण्याची क्रिया बरीचशी पृष्ठभागाखालून सरकत गेली, पृष्ठभागाचे टवके फारसे उडाले नाहीत आणि तेलात पुरेसे कण आलेच नाहीत.