बांबूच्या काठ्या आणि टोक नसलेला अँटेना

‘बांबूचा अँटेना’ म्हटलं की बांबूच रेडिओलहरी पकडतो, असं अनेकांना वाटतं. लहरी पकडते आणि सोडते ती तांब्याची तार. बांबू तिला हवेत ताणून धरतो. हौशी रेडिओवाल्यांच्या चौकोनी ‘क्वाड’ अँटेनात तर तो वीजवाहक नाही, हाच त्याचा मोठा गुण.

हा चौकोन जन्मला इक्वेडोरमधल्या क्विटो शहरात, सुमारे २८०० मीटर उंचीवर. तिथल्या एचसीजेबी या रेडिओ केंद्राच्या अँटेनाच्या टोकांतून प्रक्षेपण चालू असताना ठिणग्या उडत, धातू वितळे. सरळ दांड्यात प्रवाह टोकाला पोचतो, पुढे वाट नसते. प्रभार तिथेच साचतो आणि व्होल्टेज चढतं. त्यात उंचावरची हवा विरळ. मोकळ्या इलेक्ट्रॉनला पुढच्या रेणूवर आदळण्याआधी लांब धाव मिळते, वेग वाढतो आणि आदळताना तो दुसरा इलेक्ट्रॉन उखडतो. एकाचे दोन, दोनाचे चार, आणि बघता बघता हवाच वीज वाहू लागते! १९४० च्या सुमारास अभियंता क्लॅरेन्स मूर यांनी टोकच काढून टाकलं. तारेचा बंद चौकोन केला.

१४.२ मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरींसाठी ही तार साडेएकवीस मीटर, म्हणजे एका तरंगलांबीहून किंचित जास्त लागते. बाजू ५.४ मीटर, मध्यापासून कोपऱ्यापर्यंत ३.८ मीटर. चार मीटरचे चार बांबू पुरतात. रेडिओसंचाकडून येणारी केबल खालच्या बाजूच्या मध्यावर जोडली, तर सर्वाधिक व्होल्टेज उभ्या बाजूंच्या मध्यावर असतं. बांबू तारेला शिवतो कोपऱ्यांवर, त्या जागांपासून दूर. तोच चौकोन कोनावर उभा करून खालच्या कोपऱ्यात केबल जोडली, की डावा-उजवा कोपरा नेमका चढ्या व्होल्टेजचा होतो आणि ओला बांबू तिथे ऊर्जा खातो. पाण्याचे रेणू बदलत्या विद्युतक्षेत्राबरोबर वळत राहतात, त्याची ही किंमत.

असा एकेरी चौकोन साध्या डायपोलपेक्षा, म्हणजे मध्यावर केबल जोडलेल्या सरळ तारेपेक्षा, जेमतेम १ डेसिबल (ताकदीत सुमारे सव्वापट) सरस असतो. दसपट ताकदीच्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. आणि बांबू आहे म्हणून वीज पडणार नाही, हीही भाबडी समजूत आहे. वर तार आहेच. वादळापूर्वी केबल काढलीच पाहिजे.

बांबू पूर्ण वाळवावा, वॉर्निश द्यावं, उघडी टोकं बुजवावीत. तारेसाठी भोक पाडू नये, तिथूनच तो उभा चिरतो. पेराच्या गाठीजवळ दोरीने घट्ट बांधलेली तार घसरत नाही.